विकसनशील राष्ट्राचे हवाई दल आणि इंजिनाचा प्रश्न : अहमदनगर व ओझरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

गरीब व नवस्वतंत्र राष्ट्राला पायदळ उभारणे जितके सुलभ असते तितके हवाई दल उभारणे सुलभ नसते. पायदळाचा सैनिक खेड्यापाड्यांतून मिळतो, त्याचे धान्य देशातच पिकते आणि त्याची बंदूक साधारण कारखान्यातही घडविता येते. विमानाचे तसे नाही. विमानाच्या पाठीशी धातुशास्त्र, रसायन, विद्युत्‌शास्त्र, सूक्ष्म यंत्रकाम आणि प्रशिक्षित मनुष्यबळ असा फार मोठा औद्योगिक पसारा लागतो. ज्या राष्ट्राजवळ हा पसारा नाही त्याला विमान विकत घ्यावे लागते, आणि विमान विकत घेतले की सुट्या भागांसाठी व दुरुस्तीसाठी विक्रेत्याच्या दारी पुन्हापुन्हा जावे लागते. म्हणून अशा राष्ट्राच्या हवाई दलाचा इतिहास केवळ लढायांच्या आणि शौर्यपदकांच्या आधारे लिहिता येत नाही. त्यासाठी कारखान्यांचा, करारांचा व कारागिरांचा इतिहासही पाहावा लागतो.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालेले भारतीय हवाई दल आज जगातील मोठ्या हवाई दलांमध्ये गणले जाते. तथापि त्याची पहिली तीन दशके ही एका लहान, परावलंबी आणि साधनहीन दलाची दशके होती. प्रस्तुत लेखात त्या दशकांतील व त्यानंतरच्या काही निवडक घटनांचा आढावा घेऊन स्वावलंबनाच्या प्रश्नाची चर्चा केली आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याची ओळख लष्करी इतिहासात रणगाड्यांचे व चिलखती दलाचे केंद्र म्हणून आहे. हवाई दलाच्या इतिहासात त्याचे नाव सहसा घेतले जात नाही. परंतु या इतिहासाशी जिल्ह्याचा दोन ठिकाणी संबंध येतो. एक म्हणजे अहमदनगरचा भुईकोट किल्ला आणि दुसरे म्हणजे येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील ओझर येथील विमान कारखाना हा या दोहोंना जोडणारा दुवा ठरतो.

वसाहतकालीन जन्म

पहिल्या महायुद्धानंतर सैन्याच्या अधिकारपदांवर हिंदी लोकांची नेमणूक व्हावी ही मागणी मध्यवर्ती कायदेमंडळात सातत्याने केली जात होती. १९२५ मध्ये नेमलेल्या स्कीन समितीने हिंदी तरुणांना हवाई दलाचे दरवाजे खुले करावेत अशी शिफारस केली. त्यानुसार १९३० मध्ये निवडक हिंदी तरुण इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे प्रशिक्षणासाठी गेले. १९३२ मध्ये हवाई दलाचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीनजीक ड्रिघ रोड येथे पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी उभी राहिली. त्या दिवशी या दलाजवळ सहा अधिकारी, १९ हवाई शिपाई आणि वेस्टलँड वापिटी जातीची चार दुपंखी विमाने होती. पहिले स्क्वाड्रन पूर्ण होण्यास १९३८ साल उजाडले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा या दलात अवघे १६ अधिकारी आणि १४४ शिपाई होते.

या दलाला मिळालेले पहिले काम कोणते होते, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानातील टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी हिंदी वैमानिकांना मिरानशहा येथून पाठविण्यात आले. ब्रिटिश साम्राज्याच्या हिशेबी विमान हे स्वस्तात बंदोबस्त ठेवण्याचे साधन होते. हिंदी दलाची विमाने जुनी, संख्या तोकडी व कार्यक्षेत्र मर्यादित ठेवण्यामागे केवळ काटकसर नव्हती. हिंदी लोकांच्या हाती किती शक्ती द्यावी याविषयीची साम्राज्याची साशंकताही त्यामागे होती. अशा प्रकारे या दलाच्या जन्मापासून दोन प्रश्न त्यास चिकटलेले दिसतात : यंत्र कोणाचे, आणि ते कोणावर वापरावयाचे हे कोणी ठरवावयाचे?

वालचंद हिराचंद आणि बंगळूरचा कारखाना

यापैकी पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न सरकारने नव्हे, तर एका उद्योजकाने केला. सोलापूर येथे १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी बांधकाम, साखर व जहाजवाहतूक या क्षेत्रांत नाव मिळविले होते. अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्या सहकार्याने आणि म्हैसूर संस्थानच्या भागीदारीने त्यांनी २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारही तीत भागीदार झाले आणि त्याच वर्षी कारखान्यात जुळणी केलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान आकाशात गेले.

जपानने ब्रह्मदेशात मुसंडी मारल्यावर परिस्थिती पालटली. १९४२ मध्ये सरकारने कारखान्याचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले आणि १९४३ पासून तो अमेरिकन हवाई दलाच्या विमानांच्या दुरुस्तीसाठी राबू लागला. युद्धाच्या निकडीतून पाहता हा निर्णय समजण्यासारखा आहे. कामगारांना दुरुस्तीचे उत्तम शिक्षण मिळाले हेही मान्य केले पाहिजे. तरीही विमान बांधण्यासाठी काढलेला कारखाना विमान दुरुस्त करणारा कारखाना झाला, ही वस्तुस्थिती उरते. दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र उघडून पाहावयास मिळते; ते असेच का घडविले, दुसऱ्या रीतीने का नाही, याचा विचार करण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. आरेखनाची विद्या त्या कारखान्यात रुजावयास आणखी जवळजवळ दहा वर्षे लागली.

अहमदनगरचा किल्ला : १९४२ ते १९४५

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव, पट्टाभि सीतारामय्या आदी नेते तेथे स्थानबद्ध होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ मध्ये येथेच लिहिला, हे सर्वश्रुत आहे. त्या ग्रंथातील परकीय सत्ता व औद्योगिक मागासलेपण यांच्या परस्परसंबंधाची चर्चा पुढील संरक्षणधोरणाची वैचारिक पूर्वपीठिका म्हणूनही वाचता येते.

नेते किल्ल्याच्या तटबंदीआड असतानाच बाहेर हवाई दलाचा झपाट्याने विस्तार होत होता. १९४२ च्या आरंभी स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या स्क्वाड्रनने लायसँडरसारख्या मंदगती विमानांनिशी ब्रह्मदेशात कामगिरी केली होती. १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या हाताखालील हरिकेन विमाने इंफाळच्या रणक्षेत्रात उडत होती. एका स्क्वाड्रनच्या जागी नऊ स्क्वाड्रन झाले, आणि युद्ध संपताना दलाचे संख्याबळ सुमारे २८,५०० पर्यंत पोहोचले; त्यात सुमारे १,६०० अधिकारी होते. मार्च १९४५ मध्ये दलाला 'रॉयल' हे उपपद देण्यात आले. त्याच महिन्यात नेहरूंना अहमदनगरहून हलविण्यात आले.

या काळाची दुसरीही बाजू आहे. ऑगस्ट १९४२ च्या उठावात पाटणा, भागलपूर, मुंगेर, नदिया व तालचेर या भागांत जमावांवर विमानांतून मशीनगनचा मारा करण्यात आल्याचे सरकारनेच कायदेमंडळात मान्य केले. देशाचे भावी राज्यकर्ते किल्ल्यात बंदिस्त असताना देशाच्या आकाशातील यंत्र देशवासीयांवरच रोखले गेले होते. हवाई दल वाढले, पण त्याच्या वाढीचा एकही निर्णय त्याच्या देशाने घेतलेला नव्हता. संख्या आणि स्वातंत्र्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. दलातील शिपायांच्या मनातही ही विसंगती खदखदत होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांनी बंड पुकारले तेव्हा हवाई दलाच्या शिपायांनीही सहानुभूतीचा संप केला.

फाळणी, डाकोटा आणि लिबरेटर

१९४७ च्या फाळणीत विमाने व माणसे वाटली गेली, पण त्याहून मोठी हानी तळांची झाली. ड्रिघ रोड, रिसालपूर, पेशावर, कोहाट ही ठाणी पाकिस्तानात गेली. दलाचे जन्मस्थानच परदेशात गेले. अशा अवस्थेत २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांनी शीख रेजिमेंटचे पहिले जवान श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरविले. हवाई दलाची डाकोटा विमाने अपुरी पडल्याने खासगी विमान कंपन्यांची विमाने व त्यांचे वैमानिक या कामी घेण्यात आले. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी पूंछच्या वेढ्यात अडकलेल्यांसाठी हवाई रसद सुरू ठेवली आणि मे १९४८ मध्ये लेह येथे विमान उतरविले. मुंबईत जन्मलेले हृषिकेश मुळगावकर यांना या मोहिमेतील कामगिरीसाठी महावीर चक्र मिळाले. पुढे १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलप्रमुख झाले.

याच सुमारास घडलेली लिबरेटर विमानांची हकीकत साधनहीन दलाच्या कल्पकतेची साक्ष देते. युद्ध संपल्यावर अमेरिकन बनावटीची अनेक लिबरेटर बाँबफेकी विमाने कानपूर येथे मोडीत काढण्यात आली होती. ती पुन्हा उडू नयेत अशा रीतीने त्यांची नासधूस करण्यात आली होती. भारताजवळ बाँबफेकी विमाने नव्हती आणि ती विकत घेण्यास परकीय चलनही नव्हते. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी या सांगाड्यांची जागेवरच तात्पुरती डागडुजी केली, जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती एकेक करून बंगळूरला उडवीत नेली आणि तेथे चाळीसहून अधिक विमाने पुन्हा सेवायोग्य करण्यात आली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्या आधारे पाचवे स्क्वाड्रन उभे राहिले. ही विमाने १९६८ पर्यंत वापरात होती. युद्धकाळातील सक्तीच्या दुरुस्तीकामातून मिळालेले शिक्षण येथे उपयोगी पडले, असे म्हणता येते.

डॉ. घाटगे, एचटी-२ आणि घाना

१९४८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी नेहरूंच्या निमंत्रणावरून भारताच्या संरक्षणविषयक गरजांचा अहवाल दिला. त्यांचा सल्ला थोडक्यात असा की, गरीब राष्ट्राने प्रगत राष्ट्रांशी अत्याधुनिक शस्त्रांची स्पर्धा करू नये. साधी, आपल्याला झेपतील अशी साधने आपण घडवावीत आणि आपले विज्ञान व उद्योग आधी बळकट करावेत. हा सल्ला पूर्णपणे पाळला गेला नाही. १९४८ च्या अखेरीस व्हँपायर ही जेट विमाने दलात आली आणि १९५३ पासून फ्रान्सची तुफानी विमाने आली. पण ब्लॅकेट यांच्या विचाराशी जुळणारे एक काम बंगळुरात सुरू होते.

कोल्हापूर परिसरातील हसूर येथे जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यांच्या नेतृत्वाखाली आरेखन झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. दोन आसनांचे, एका दट्ट्या-इंजिनाचे हे साधे विमान होते. परंतु त्याचा प्रत्येक आराखडा भारतीय अभियंत्यांनी काढलेला होता. पुढे अनेक वर्षे भारतीय वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे याच विमानावर गिरविले. १९५४ मध्ये सुब्रतो मुखर्जी हे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. म्हणजे देशी प्रमुखाच्या आधी देशी विमान आले, असा हा क्रम आहे.

एचटी-२ चे महत्त्व देशापुरते मर्यादित राहिले नाही. १९५७ मध्ये स्वतंत्र झालेल्या घाना या पश्चिम आफ्रिकेतील राष्ट्राने १९५९ मध्ये आपले हवाई दल स्थापन केले, तेव्हा त्याच्या उभारणीत भारतीय अधिकाऱ्यांनी व प्रशिक्षकांनी भाग घेतला आणि एचटी-२ विमाने घानाच्या पहिल्या वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली. सव्वीस वर्षांपूर्वी चार वापिटी विमानांवर सुरू झालेले दल आता दुसऱ्या नवस्वतंत्र राष्ट्राच्या दलाला पहिले पाऊल टाकावयास शिकवीत होते. अत्याधुनिक लढाऊ विमान घानाला ब्रिटनकडून वा रशियाकडून मिळू शकले असते. भारताने दिले ते अशा यंत्राचे ज्ञान, की जे लहान राष्ट्राला स्वतःच्या हातांनी उघडता, जोडता व सांभाळता येईल. तरीही येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. एचटी-२ चा सांगाडा देशी होता. त्याचे सिरस इंजिन मात्र ब्रिटिश बनावटीचे होते.

मारुत : इंजिनाच्या प्रतीक्षेतील विमान

१९५६ मध्ये प्रख्यात जर्मन आरेखक कुर्ट टँक बंगळूरला आले. त्यांच्या नेतृत्वाखाली एचएफ-२४ मारुत या लढाऊ विमानाचे आरेखन झाले आणि १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडाले. आशिया खंडात, सोव्हिएत संघाबाहेर, या पातळीचे लढाऊ विमान तोवर अन्य कोणी आरेखित केले नव्हते.

परकीय तज्ज्ञाला पाचारण करून शस्त्र घडविण्याची ही रीत अहमदनगरला अपरिचित नाही. आज विजापुरात असलेली मुलुख-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथेच पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात रूमी, म्हणजे तुर्की, तज्ज्ञाने ओतली. परकीय विद्या घेण्यात कमीपणा नाही. प्रश्न असतो तो ती विद्या स्थानिक हातांत उतरते की नाही याचा.

मारुतच्या बाबतीत सांगाड्याची विद्या उतरली, इंजिनाची उतरली नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडावे या अपेक्षेने विमान आखले होते. त्यासाठी ब्रिटनमधील ऑर्फियस इंजिनाची अधिक शक्तिशाली आवृत्ती गृहीत धरली होती. त्या आवृत्तीच्या विकासाचा खर्च भारताने उचलावा अशी अपेक्षा पुढे आली; भारताने ती मान्य केली नाही आणि ते इंजिन झालेच नाही. नंतर इजिप्तमध्ये विकसित होत असलेल्या इंजिनाचा विचार झाला, मारुतचे एक विमान चाचणीसाठी इजिप्तला पाठविले गेले. परंतु १९६० च्या दशकाअखेर तोही प्रकल्प थांबला. परिणामी कमी शक्तीच्या ऑर्फियस इंजिनांच्या जोडीवरच मारुतला समाधान मानावे लागले आणि त्याचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपासच राहिला. एकूण १४७ मारुत विमाने बांधली गेली. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी चोख कामगिरी बजावली. पण जे घडावयाचे होते ते विमान कधीच घडले नाही.

लढाऊ जेट इंजिन इतके दुष्कर का असते, हे येथे थोडक्यात सांगणे उचित ठरेल. ज्वलनकक्षातून बाहेर पडणारा वायू टर्बाइनच्या ज्या पात्यांवर आदळतो, ती पाती धातूच्या वितळणबिंदूहूनही अधिक तापमानाच्या वायूत मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या गतीने फिरत राहतात. त्यासाठी विशेष मिश्रधातू, पात्यांच्या आतून हवा खेळविण्याची रचना व अतिसूक्ष्म ओतकाम लागते. हे ज्ञान पुस्तकात अंशतःच असते. बाकीचे ज्ञान फसलेल्या शेकडो प्रयोगांच्या नोंदींत असते, आणि ते कोणी विकत देत नाही.

गोवा, चीन आणि ओझर

१८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या कारवाईत पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बाँबफेक केली आणि बेळगावनजीकच्या सांबरा तळावरील हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. मोहिमेची हवाई सूत्रे मूळ गोव्याचे असलेले एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. गोव्यात पोर्तुगिजांचे एकही लढाऊ विमान नव्हते, त्यामुळे आकाशात प्रतिकार झाला नाही. अवघ्या दहा महिन्यांनी चीनचे आक्रमण झाले. तेव्हा वाहतुकीच्या विमानांनी व हेलिकॉप्टरांनी अतिशय कठीण परिस्थितीत रसद पोहोचविली. लढाऊ विमाने मात्र वापरली गेली नाहीत. तो निर्णय योग्य होता की नव्हता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एवढे मात्र खरे की, १९४२ मध्ये ज्यांच्या हाती कोणताच निर्णय नव्हता, त्यांच्या हाती १९६२ मध्ये तो होता, आणि त्याची जबाबदारीही त्यांचीच होती.

युद्धाच्या आधीच, ऑगस्ट १९६२ मध्ये, मिग-२१ विमानांविषयी सोव्हिएत संघाशी करार झाला होता. पाकिस्तानला अमेरिकेकडून स्टारफायटर विमाने मिळाल्याने तोडीचे विमान तातडीने हवे होते, आणि सोव्हिएत संघ परवान्यासह उत्पादनाची विद्या देण्यास तयार होता. विमानाचा सांगाडा नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापूट येथे आणि विद्युत उपकरणे हैदराबाद येथे बनवावीत असे ठरले. नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ मध्ये ओझरचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी हिंदुस्थान एअरक्राफ्ट व मिगसाठी स्थापन झालेली कंपनी यांचे विलीनीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड अस्तित्वात आली.

द्राक्षे व ऊस पिकविणाऱ्या निफाड तालुक्यात विमानाचा कारखाना येणे ही सामाजिकदृष्ट्याही मोठी घटना होती. तंत्रशाळांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना जोडारी, पत्राकाम, यंत्रकाम अशा कौशल्यांना येथे वाव मिळाला. देशात सहाशेहून अधिक मिग-२१ विमाने बांधली गेली. नंतर मिग-२७ आणि दोनशेहून अधिक सुखोई-३० विमानेही ओझरमधून बाहेर पडली. संख्येच्या दृष्टीने हे यश निर्विवाद आहे. पण परवाना उत्पादनाची मर्यादाही येथेच दिसते. परवान्याबरोबर आराखडे येतात, त्यांमागील तर्क येत नाही. विमान कसे बनवावे हे कळते. तेच विमान बदलावे कसे, हे विचारावयास पुन्हा मूळ निर्मात्याकडे जावे लागते. मारुत अपूर्ण राहिले आणि मिग भरपूर बनले, या दोन घटना एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. तातडीची गरज भागली, पण आरेखन करणाऱ्या पिढीची साखळी तुटली. मारुतनंतर देशी लढाऊ विमान, म्हणजे तेजस, उडण्यास ४ जानेवारी २००१ हा दिवस उजाडावा लागला, आणि तेही अमेरिकन इंजिनावर उडाले. त्याच्यासाठी १९८९ मध्ये मंजूर झालेला कावेरी इंजिनाचा प्रकल्प २००८ मध्ये तेजसपासून वेगळा करण्यात आला.

अहमदनगरचे इंजिन

या पार्श्वभूमीवर अहमदनगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेच्या एका प्रयत्नाकडे पाहिले पाहिजे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची ही प्रयोगशाळा मुख्यतः लष्करी वाहनांवर काम करते. निशांत या लष्करासाठीच्या वैमानिकरहित टेहळणी विमानाला परदेशी इंजिन वापरले जात होते. त्याऐवजी देशी इंजिन बनविण्याचे काम या आस्थापनेने बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या सहकार्याने हाती घेतले. २००९ मध्ये कर्नाटकातील कोलारनजीक हे इंजिन बसविलेले निशांत विमान यशस्वीपणे उडाले.

हे वांकेल जातीचे इंजिन होते. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या मागेपुढे सरकतो. वांकेलमध्ये त्रिकोणी आकाराचा फिरता भाग एका विशिष्ट वळणाच्या कक्षात गरगरत असतो. त्यामुळे कंप कमी होतो आणि वजनाच्या मानाने शक्ती अधिक मिळते. अडचण असते ती त्रिकोणाच्या टोकांशी वायू गळू न देण्याची आणि कक्षाच्या आतील पृष्ठभाग झिजू न देण्याची. वरवर पाहता ही वाहन अभियंत्यांच्या परिचयाची क्षेत्रे आहेत, आणि म्हणूनच रणगाड्यांच्या गावातील प्रयोगशाळेला विमानाचे इंजिन साधले, हे तर्कास धरून आहे.

या यशाचे मोल वाढवून सांगण्याचे कारण नाही. निशांत हे लष्कराचे लहान विमान होते. लष्कराला मिळालेली चारही विमाने २०१५ पर्यंत अपघातांत नष्ट झाली आणि पुढील खरेदी थांबली. लढाऊ जेट इंजिन आणि वांकेल इंजिन यांच्यातील अंतरही प्रचंड आहे. तरीपण ब्लॅकेट यांनी १९४८ मध्ये सुचविलेला मार्ग नेमका हाच होता : आपल्या आवाक्यातील यंत्र निवडावे, ते मुळापासून समजून घ्यावे आणि त्यावरून पुढील पायरी चढावी. घाटगे यांचे एचटी-२ आणि अहमदनगरचे हे इंजिन यांत ५८ वर्षांचे अंतर आहे. एचटी-२ मध्ये सांगाडा आपला होता व इंजिन परके. निशांतमध्ये इंजिनही आपले झाले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, हवाई दलाच्या विमानांची वा स्क्वाड्रनची संख्या हे त्याच्या सामर्थ्याचे एक माप आहे. स्वातंत्र्याचे माप मात्र नाही. १९४२ ते १९४५ या काळात दल झपाट्याने वाढले तेव्हा देशाचे नेते अहमदनगरच्या किल्ल्यात होते. दुसरा असा की, दुरुस्ती, परवाना उत्पादन आणि आरेखन या तीन वेगवेगळ्या विद्या आहेत आणि एकीतून दुसरी आपोआप येत नाही. बंगळूर व ओझर येथील अनुभव हेच सांगतो. तिसरा असा की, विकसनशील राष्ट्राच्या स्वावलंबनाची खरी कसोटी इंजिनावर लागते. इंजिनाच्या विकासासाठी लागणारा पैसा वेळेवर न दिल्याची किंमत मारुतने चुकविली, आणि ती एका विमानापुरती राहिली नाही.

या प्रश्नाचा संबंध महाविद्यालयीन शिक्षणाशीही पोहोचतो. घाटगे यांच्यासारखा अभ्यासक ग्योटिंगेनला जाऊन परत आला तेव्हा त्याला काम देणारा कारखाना देशात उभा होता, म्हणून त्याची विद्या येथे फळाला आली. धातुशास्त्र, ओतकाम, सूक्ष्म यंत्रकाम हे विषय प्रतिष्ठेच्या उतरंडीत खाली राहिले, तर प्रयोगशाळांना माणसे मिळणार नाहीत आणि कारखाने आराखड्यांबरहुकूम जुळणी करीत राहतील.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. त्यामुळे मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या तुलनेत दलाजवळ २९ च्या आसपास लढाऊ स्क्वाड्रन उरले. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझर येथे तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए विमान आकाशात झेपावले. एके काळी मिगचे सांगाडे बनविणाऱ्या कारखान्यातून देशी आरेखनाचे विमान बाहेर पडले, ही समाधानाची बाब आहे. परंतु या विमानांचा पुरवठा लांबण्याचे एक प्रमुख कारण अमेरिकेतून येणाऱ्या इंजिनांना झालेला विलंब हे होते. १९६१ मध्ये मारुतसमोर जो प्रश्न उभा होता तो २०२५ मध्ये ओझरच्या धावपट्टीवर पुन्हा उभा राहिला. त्याचे उत्तर खरेदीच्या करारात मिळण्याची शक्यता कमी आहे. अहमदनगर येथे लहान प्रमाणावर ज्या दिशेने ते शोधण्यात आले, त्याच दिशेने अधिक पैसा, अधिक चिकाटी आणि फसलेल्या प्रयोगांविषयी अधिक सहनशीलता ठेवून ते शोधावे लागेल.